आठव्या नंबरचा फेटा

ओटीसाठी पदर पुढं करावा आणि तो रिकामाच मागं घ्यावा लागावा, असं माझं एकदा झालंय. तेही मंचावर, माइक चालू असताना, समोर अख्खा तालुका खुर्च्या टाकून बसलेला असताना. त्यानंतर वर्षभर मी जे काही केलं ते त्या एका पदरापायी केलं. लोक म्हणतात, बाई, सोडून द्यायचं होतं. मी सोडणाऱ्यातली नाही.

मी शाळेत खेळाची बाई होते. लग्नाआधी स्वतः कबड्डी खेळले, नवरा लवकर गेला, मग दुसऱ्यांची पोरं खेळवण्यातच उमर काढली. निवृत्त झाले त्याच उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यात कबड्डीची लीग सुरू झाली. आठ संघ, प्रत्येकाला मालक, पोरांशी रीतसर करार आणि मानधन. माजलगावकडच्या संघाचे मालक म्हणजे मोठे बागायतदार आणि त्याहून मोठे पुढारी. त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांनी मला घरी बोलावून सांगितलं, "बाई, खेळातलं आमाला काई कळत न्हाई. कोणती पोरं ठेवायची, कोणती सोडायची, तुमी बघा. आमी नुस्तं व्हय म्हनू." सात वर्षं ते नुसतं व्हय म्हणाले आणि सात वर्षं मी बघितलं.

लोकांना वाटतं संघ मैदानावर घडतो. काही घडत नाही मैदानावर. लीग पंधरा दिवसांची. संघ घडतो मधल्या मोकळ्या महिन्यांत, जेव्हा कुणी बघत नसतं. कुणाचा गुडघा दुखावलाय आणि तो लपवतोय, कुणी तालीम सोडून पानटपरीवर बसायला लागलाय, कुणाचं लग्न ठरलंय, सगळ्याचा माग ठेवावा लागतो. नव्या नवरदेवाला पहिल्या उन्हाळ्यात मी कधीच घेतलं नाही. सासुरवाडीचे पाहुणचार झोडून आलेला गडी कमरेत वाकत नाही. हे सगळं मी एका जाड वहीत लिहायची, आणि ती वही आबांच्या बैठकीत कपाटात असायची.

निवडीचे नियम सोपे आहेत. लीगच्या आठ दिवस आधी सगळे मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर जमतात, मागच्या हॉलमध्ये, कारण तिथं यायला सगळ्यांना सारखंच पडतं. प्रत्येक संघ जुनी तीन पोरं राखतो, बाकीची मोकळी करतो. मग आळीपाळीनं पोरं उचलायची. मागल्या साली शेवटी आलेला संघ पहिला, आणि जिंकलेला सगळ्यात शेवटी, आठवा. एक फेरी झाली की परत पहिल्यापासून. ज्याला उचलला त्याच्या डोक्याला तिथल्या तिथं आपल्या रंगाचा फेटा बांधायचा. पोरगा कामावर अडकला असेल तर त्याच्या बापाला बांधायचा. एकदा फेटा चढला की निवड पक्की. तो उतरवून दुसऱ्याला घेणं म्हणजे त्या घराची इज्जत काढणं. ही रीत आबांनीच घातली. आणखी एक रीतही त्यांचीच. लीग संपली की मागल्या सालच्या विजेत्या मालकानं यंदाच्या विजेत्या संघाची पोरं ज्यानं निवडली, त्याला स्वतःच्या हातानं मानाचा फेटा बांधायचा.

सातव्या वर्षी आम्ही जिंकलो. मागल्या विजेत्यांचे मालक फेटा उलगडून उभे राहिले आणि माइकवर विचारणा झाली, पोरं कुणी निवडली? मी पदर सावरून दोन पावलं पुढं आले. आबांनी आपल्या पुतण्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला पुढं ढकललं. या पुतण्याला डावा कोपरा आणि उजवा कोपरा विचारा, आधी स्वतःचे हात बघेल. "ह्यो आमचा निवडनारा," आबा म्हणाले. फेटा त्याला बांधला. मग आबा माझ्याकडं बघून हसले. "बाईमानसाला फेटा कुठं बांधतेत? बाईंची वटी भरा."

त्यांच्या पत्नी ताट घेऊन आल्या. मी काय करणार, पदर पुढं केला. तेवढ्यात मागनं एक म्हातारी उठली आणि त्यांच्या कानाशी लागली. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, ऐकायची गरजही नव्हती. विधवेची ओटी भरत नाहीत, हे मला कुणी शिकवायला नको. त्या बाईंनी माझ्याकडं एकदा बघितलं, मान खाली घातली आणि ताट घेऊन वळल्या. मी तशीच उभी. बाई म्हणून फेटा नाही आणि नवरा नाही म्हणून ओटी नाही. सात वर्षांत मला कधी असं वाटलं नव्हतं की मी कुठल्याच बाजूची नाही.

घरी येऊन मी भाकरी थापली, जेवले, ताट घासलं. रडले नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती. चूल विझवताना ठरवलं, या माणसाची जिरवायची. आणि नुसती जिरवायची नाही, पुढच्या साली त्याच मंचावर आबांनी मला फेटा बांधायचा. स्वतःच्या हातानं. मला दुसरं काही नको होतं.

दोन दिवसांनी पुतण्या दारात आला. मला वाटलं माफी मागायला आला असेल. "बाई, ती वही तर आमच्याकडंच हाय," तो म्हणाला. "आता येक वर्स आराम करा तुमी. वाचून घेतो मी." मी त्याला चहा पाजला आणि शेवटचं पान नीट वाच म्हणाले. त्या पानावर मी एका पोराबद्दल लिहून ठेवलं होतं, लाल पेनानं, खाली दोनदा रेघ मारून. माझ्याच शाळेतला विद्यार्थी. ऊसतोड्याचा पोरगा, त्यामुळं कुठल्या शिबिराला नाही, कुठल्या निवडीला नाही. पण चढाईला गेला की पाय असा टाकायचा की पकडणाऱ्याच्या हातात वारं यायचं. 'याला कुणी पाहिलेला नाही. पुढच्या वर्षी घ्यायचाच,' असं मी लिहिलं होतं.

आठवडाभरात मी धर्मापुरीला गेले. तिथल्या एका दुकानदाराचा संघ आहे. पाईप, मोटारी असा धंदा, गळ्यात लिंग, बोलणं मऊ. त्यांचा संघ त्या साली आठात आठवा आला होता. मी स्वतःहून आलेली बघून ते गडबडलेच. "अक्का, आमचा संघ लई बेकार हाय," म्हणाले, "तुमाला मोठ्या संघाची सवय."

"बेकार हाय म्हणूनच आले," मी म्हटलं. "तुमचा पहिला नंबर लागतो."

त्यांनी एकच विचारलं, "अक्का, ह्ये खेळासाठी करायलात का आबांसाठी?"

"आबांसाठी," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू. त्यांनी दुकानातल्या पोराला चहा सांगितला.

आता आबांच्या वहीत काय नव्हतं ते सांगते. वहीत पोरगं गेल्या उन्हाळ्यात कसं होतं ते होतं. पण आमच्या भागातली निम्मी पोरं दसरा झाला की ऊस तोडायला जातात आणि गुढीपाडव्याच्या पुढं परततात. सहा महिन्यांत अंग बदलून जातं. दिवसभर कोयता चालवणाऱ्याची पाठ धरते, तो पकडीत चालत नाही. पण डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं ट्रकात चढणारा गडी, त्याच्या मांड्या दगड होतात. त्याला कोपऱ्यात उभा केला तर चढाईवाला हलत नाही. दर साली मी मोकळ्या महिन्यांत एसटीनं फिरून टोळ्या बघून यायची आणि मगच वही दुरुस्त करायची. हे आबांना कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. त्यांना वाटायचं बाई घरी बसून लिहिते.

होळीच्या आधी मी माजलगावच्या बाजूला एका टोळीवर गेले. कारखान्याच्या अलीकडं उसाच्या पाचटाच्या कोप्या, टोळीच्या झोपड्या, पडल्या होत्या. तिथंच त्या लाल रेघेवाल्या पोराचं बिऱ्हाड होतं. बाप मला लांबूनच ओळखून पळत आला. बसायला पोतं झटकून टाकलं, गुळाचा चहा ठेवला. "बाई, यंदा त्याला कोयता धरू दिला न्हाई," सांगायला लागला. "मुकादमाच्या ट्रॅक्टरवर बसवलाय. बसून काम. खानंपिनं बी चांगलं. बगा की कशी तब्येत झालीया."

पोरगा ट्रॅक्टरवरून उतरला आणि पाया पडला. मी त्याला खालून वर बघितलं. गाल भरलेले, शर्टाचं खालचं बटण लागत नव्हतं. आमच्या लीगला पंच्याहत्तर किलोची मर्यादा आहे. एक ग्रॅम वर गेलात तर मैदानात पाय ठेवायचा नाही. हा गडी ब्याऐंशीच्या घरात होता. बत्तीस वर्षं पोरं बघितलेल्या डोळ्याला काटा लागत नाही.

बाप मनात धरून होता. मुंबईच्या एका मोठ्या संघाची माणसं आमची लीग बघायला येतात आणि एखाद्याला घेऊन जातात, तेही तेवीस वर्षांच्या आतला असला तरच. या पोराचं ते शेवटचं साल होतं. बापाला ते पाठ होतं. त्यानं मला थेट विचारलं, "बाई, खेळायला जड तर न्हाई ना व्हनार? तुमी सांगा. तुमी सांगताल तसं करू."

दोन महिने हातात होते. एक भाकरी कमी कर, पहाटे धरणाच्या भिंतीपर्यंत पळून ये, एवढं म्हटलं असतं तरी पोरगा अक्षय्य तृतीयेच्या लीगपर्यंत पंच्याहत्तरच्या आत आला असता. पहिल्या नंबरालाच मी त्याला उचलला असता. सगळं मला त्या पोत्यावर बसल्याबसल्या दिसलं. आणि त्याच वेळेला मला पुतण्याही दिसला, वही उघडून, लाल रेघेवर बोट ठेवून.

"न्हाई वो," मी म्हटलं. "चांगली हाय तब्येत. अशीच राहू द्या." वर आणखी म्हणाले, "निवडीला तुमी या मांजरसुंब्याला. यंदा त्याचं मी बघते."

बापानं हात जोडले. मी आणखी अर्धा कप चहा घेतला आणि पुढच्या टोळीवर गेले. तिथं मला मोळी वाहणारा एक गडी सापडला, कुणाच्याही यादीत नसलेला.

निवडीच्या दिवशी ढाब्याचा हॉल गच्च होता. मटणाचा वास, पंख्यांचा घरघराट आणि आठ रंगांचे फेटे टेबलांवर गुंडाळून ठेवलेले. पुतण्या पांढऱ्या कपड्यांत, मांडीवर माझी वही. त्यानं वहीला नवीन कव्हर घातलं होतं. लाल रेघेवाल्याचा बाप आला तेव्हा मी उठून, पुतण्याला ऐकू जाईल असं पोराचं नाव घेत, त्याला हाताला धरून आणलं आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. पोरगा आला नव्हता. कारखान्याचा हंगाम लांबला होता, ट्रॅक्टर सुटत नव्हता. म्हणजे हॉलमध्ये कुणालाच पोरगा दिसणार नव्हता, दिसणार होता तो बाप.

पहिला नंबर माझा. मी मोळीवाल्याला उचललं. सगळे हसले. पुतण्या तर मोठ्यानं म्हणाला, "बाई, हमाल घेतला का बे?" बाईला बे म्हणतात का, पण म्हणाला. आबांनी त्याला दटावलं नाही. मी मोळीवाल्याला फेटा बांधला आणि खाली बसले. मग दुसरा, तिसरा, सहावा, सातवा. मधल्या वेळात मी एकच केलं. आमचा दुसरा फेटा हातात घेऊन त्याची घडी उलगडायला लागले आणि शेजारच्या बापाकडं बघून हसले. आठव्यानंतर लगेच नववा नंबर माझाच होता. पुतण्या माझ्या हाताकडं बघत होता. त्याला वाटलं, बाईनं हिरा दुसऱ्या फेरीसाठी लपवून ठेवलाय. आत्ता उचलला नाही तर गेला.

त्यानं आबांच्या कानात सांगितलं. आबा उठले. रुबाबात चालत आमच्या रांगेपाशी आले, माझ्यासमोरून हात पुढं केला आणि माझ्या शेजारच्या बापाला उभा केला. सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. भगव्या फेट्याचे पदर बापाच्या खांद्यावर आले. तो माझ्याकडं बघत होता. तो माझ्या संघात पोरगा जाईल म्हणून आला होता. पण आबांचा संघ म्हणजे विजेता संघ, याहून काय पाहिजे, असंही त्याच्या तोंडावर होतं. आबा मला म्हणाले, "बाई, तुमच्या शेजारचं उचललं बगा."

"उचला की," मी म्हटलं. "तुमच्या नशिबाचं हाय."

वजन झालं मोंढ्यातल्या धान्याच्या काट्यावर, लीगच्या आदल्या दिवशी. निवडीच्या रात्रीच ट्रॅक्टरवरून उतरवून आणलेला पोरगा आठवडाभर पुतण्याच्या ताब्यात होता. मे महिन्याच्या उन्हात त्याला अंगात रेनकोट घालून पळवलं होतं, दोन दिवस पाण्यावर ठेवलं होतं. ओठ फुटले होते. काट्यावर चढला. अठ्ठ्याहत्तर भरला. पंचांनी मान हलवली. पुतण्या पंचांशी भांडला, मग पोरावर ओरडला, मग वही फेकून दिली. माझी वही. मी जाऊन ती उचलली, धूळ झटकली आणि पिशवीत टाकली. पोरगा काट्यावरच बसून होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही. खरं सांगायचं तर बघायचं टाळलं.

नियम आबांचाच, फेटा बदलायचा नाही. चढाईचा एक गडी कमी घेऊन त्यांना सगळी लीग काढावी लागली. तरी राखलेल्या तीन जुन्या पोरांच्या जिवावर अंतिम सामन्यापर्यंत आले, मीच घडवलेली पोरं ती. तिथं माझ्या मोळीवाल्यानं उजव्या कोपऱ्यातून त्यांच्या थकलेल्या चढाईवाल्यांची अकरा वेळा मांडी धरली. दुसऱ्या अर्ध्यात त्यांच्यावर दोनदा लोण चढलं. पुतण्या मध्येच उठून गाडीत जाऊन बसला.

उन्हं कलली होती. मंच तोच, माइक तोच. विचारणा झाली, पोरं कुणी निवडली? दुकानदार मालक माझ्याकडं हात करून म्हणाले, "आमच्या अक्कांनी." मी पुढं गेले. आबा खुर्चीतच बसून होते. मग म्हणाले, "माझा हात लचकलाय. दुसरं कुनी बांधा."

"आबा, रीत तुमीच घातलीया," मी माइकपाशी जाऊन म्हटलं. "हात तुमचाच लागतो." समोरून शिट्ट्या आल्या. मग कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बघते तर पहिल्या रांगेत आबांच्या पत्नी. खाली मान घालून, पण टाळ्या वाजवत होत्या.

आबा उठले. फेटा घेतला. बाईच्या डोक्याला फेटा बांधायची त्यांची पहिलीच वेळ. माझ्या अंबाड्यापाशी येऊन हात अडखळला. "केसं?" हळूच विचारलं. "केसावरून बांधा," मी म्हटलं. त्यांनी एकेक वेढा घातला. त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता. मी मान ताठ ठेवली. बरं वाटलं का? वाटलं. लई बरं वाटलं. मी वर्षभर जे मागत होते ते सगळं मिळालं, कण न् कण मिळालं. हे मी लपवत नाही.

मंचाच्या पायऱ्या उतरले तर खाली तो बाप उभा होता. हातात भगवा फेटा, नीट घडी घातलेला. पोरगा बरोबर नव्हता. मुंबईची माणसं सकाळीच निघून गेली होती, दुसऱ्या दोघांना घेऊन. बापानं माझ्या डोक्याकडं बघितलं, मग हातातल्या घडीकडं बघितलं.

"बाई," तो म्हणाला, "तुमी कोपीवर आल्ता. च्या पिलता. तवा तुमाला दिसलं असंल ना वजन?"

न्हाई म्हणता आलं असतं. मागं तोंडातून सहज निघालं होतं, आत्ताही निघालं असतं. पण त्या माणसानं मला शंका म्हणून विचारलंच नव्हतं. बत्तीस वर्षं पोरं बघितलेल्या बाईला दिसलं नसेल, असं त्याला वाटतच नव्हतं.

"व्हय," मी म्हटलं. "दिसलं होतं."

तो रागावला नाही. रागावला असता तर मला बोलायला काहीतरी सापडलं असतं. त्यानं भगवा फेटा काखेत धरला, पायातली चप्पल नीट केली आणि जायला निघाला. दोन पावलं गेल्यावर वळून माझ्या डोक्याकडं परत एकदा बघितलं.

"फेटा चांगला बसलाय, बाई," तो म्हणाला.